बिनडोळ्यांचं हसू

१

दोन नंबरच्या काचघराचं दार उघडलं, पण गेर्डाच्या चष्म्यावर वाफ धरली नाही.

एवढ्यावरच तिला कळलं. गेली बेचाळीस वर्षं फेब्रुवारीतल्या सकाळी ते दार उघडलं की आधी चष्मा धुरकट व्हायचा आणि मग टोमॅटोच्या पानांचा उग्र हिरवा वास नाकात शिरायचा. त्या बुधवारी चष्मा लख्ख राहिला आणि त्या लख्ख चष्म्यातून सगळं दिसलं. नऊ हजार रोपं दोऱ्यांना टांगलेली, माना टाकलेली, पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी आणि लिबलिबीत. बाहेर उणे सव्वीस होतं आणि आत फारसा फरक नव्हता.

"पंप बसला," बॉयलर सांभाळणारा सुने म्हणाला. साठीचा माणूस, पण मान खाली घालून उभा होता. "गरम पाणी आलंच नाही रात्री. मला उठवलं असतं तर एक बटण दाबून पाच मिनिटांत चालू केला असता."

"मग कुणी उठवलं का नाही? अलार्म काय झोपला होता?"

"अलार्म वाजला, आई." हा राल्फ, तिचा मुलगा. सेहेचाळीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी बायकोने सोडलेला, आणि तेव्हापासून काचघराचा सगळा कारभार पाहणारा. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून तिच्यापुढे धरला. "पावणेतीनला वाजला. हे बघ तिने काय केलं. मी साडेपाचला आलो तो थेट इथेच आलो, आणि हे असं!"

फिनलंडमधल्या या नेर्पेस गावातल्या सगळ्याच काचघरांत असतो तसा इथेही ड्यूटीचा एक फोन होता. ज्याची रात्रपाळी त्याने तो घरी न्यायचा. ऊब कमी झाली की संगणक त्या फोनवर ठणाणा करायचा. ज्याच्याकडे फोन त्याने येऊन बघायचं आणि सगळ्यांच्या ग्रुपवर कळवायचं. त्या ग्रुपवर ड्यूटीच्या फोनवरून आलेला निरोप गेर्डाने बोट फिरवत वाचला. शाळा तिने चौथीत सोडली होती, त्यामुळे कुठलंही वाक्य ती अजूनही चाखत चाखत वाचायची.

"दोन नंबरात अलार्म. जाऊन बघितलं. सगळं ठीक )))"

"हे शेवटी काय खरडलंय?"

"हसणं आहे ते. तिचं. झोर्यानाचं. युक्रेनवाले असंच हसतात, डोळ्यांची टिंबं न काढता. पाळीच्या यादीत कालचं नाव तिचंच आहे. बिछान्यातून उठली नाही, अलार्म बंद केला, खोटं लिहिलं आणि वर हसली. तीन-तीनदा."

गेर्डाचं डोकं फिरलं. ही काचघरं तिने आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. तिच्या डाव्या तळहातावर काचेचा व्रण अजून होता. ती तडक कॉफीच्या खोलीत गेली. हात थरथरत होते, काहीतरी गरम हवं होतं, तर भांडंसुद्धा थंडगार. "एक घोट कॉफी नाही या घरात!" म्हणून तिने ते ओट्यावर आदळलं. राल्फने कागद पुढे केला. झोर्यानाला कामावरून काढल्याचा, शनिवारपर्यंत कंपनीची खोली रिकामी करण्याचा. कंपनीवर अजून गेर्डाची सही चालायची.

तिने न वाचता सही ठोकली.

२

गुरुवारी दुपारी तिच्या स्वतःच्या फोनवर निरोप आला. झोर्यानाकडून.

"मुम्मो, ते मी लिहिलं नाही (((("

गावात सगळे तिला मुम्मो म्हणत, म्हणजे आजी. तिने निरोप दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचण्याआधी कोट चढवला. चार! आता चार-चारदा हसते ही बया! माझी नऊ हजार पोरं मारली, आणि मला मुम्मो म्हणून वर दात काढते!

खोली रस्त्यापलीकडेच होती. गेर्डाने बेल वाजवली नाही, मुठीने दार बडवलं.

झोर्यानाने दार उघडलं. पस्तिशीची बाई, चेर्निहिवहून तीन वर्षांपूर्वी आलेली. मागे जमिनीवर उघड्या पेट्या होत्या आणि पेट्यांवर तिच्या नऊ वर्षांच्या मुलीची, दारिनाची, शाळेची चित्रं. पोरगी शाळेत होती.

"हसतेस? मला? माझ्या तोंडावर?" गेर्डाने फोन तिच्या नाकापुढे नाचवला.

झोर्यानाने फोनकडे पाहिलं आणि मग गेर्डाकडे. तिला काही उमजेना. "मुम्मो, हे हसणं नाही. हे रडणं आहे. तोंड खाली वळलंय बघा. कंस उलटा आहे."

गेर्डाने फोन जवळ धरला, लांब धरला. खरंच, कंस दुसऱ्या बाजूला तोंड करून होते.

"आणि डोळे कुठायत?"

"आम्ही डोळे काढत नाही. तोंड पुरतं."

"आमच्याकडेही काहींना नुसतं तोंडच पुरतं," गेर्डा म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. ती एका पेटीवरच बसली. "सांग. सगळं सांग, आणि खोटं बोललीस तर इथून उठून पोलिसांत जाईन. राल्फने तक्रारीचा कागद तयार ठेवलाय, उद्या सही करायची आहे."

"मंगळवारी माझी पाळी होती. पण दारिनाला ताप होता, म्हणून मी लामशी बदलली. संध्याकाळी सहाला मी फोन कॉफीच्या खोलीतल्या खुंटीवर लावला, चार्जरला, आणि घरी आले. साडेसहा-सातला लाम नेणार होता. हे मी राल्फना सांगितलं. ते म्हणाले, यादीत नाव तुझं आहे, विषय संपला."

"पण तो कंस? तुझ्याशिवाय असं कोण लिहितं इथे?"

"कुणीच नाही," झोर्याना म्हणाली. "म्हणूनच तर तो लिहिलाय."

गेर्डा म्हणाली, "तुझे जुने निरोप काढ. अलार्मचे. सगळे."

३

तीन वर्षांत झोर्यानाच्या पाळीत अलार्म अकरा वेळा वाजला होता. गेर्डाने अकराही निरोप बोटाने वाचले. "चार नंबर, दार उघडं राहिलं होतं, लावलं." "एक नंबर, बारा अंश, सुनेला उठवलं." एकाही निरोपाच्या शेवटी कंस नव्हता.

आणि बाकी सगळीकडे होता. "सुप्रभात मुम्मो )" "दारिनासाठी बन मिळाले, आभार )" "उद्या दंतवैद्य, अकराला येते )"

"हे काय गौडबंगाल? दाताच्या डॉक्टरवर हसू येतं आणि अलार्मवर येत नाही?"

"एक कंस म्हणजे हसू नाही, मुम्मो. तो म्हणजे... तुम्ही कुणाच्या घरात शिरताना बूट काढता ना, तसं. नाही लावला तर समोरच्याला वाटतं मी चिडले आहे. पण काही वाईट झालं असेल, कुणी आजारी असेल, अलार्म असेल, तर लावत नाही. ते अगदी निर्लज्ज दिसतं. मढ्यापुढे हसल्यासारखं."

"आणि तीन?"

"तीन बहिणीला लिहिते. खूप हसू आलं तर. किंवा..." ती थांबली.

"किंवा काय?"

"काही अवघड सांगायचं असेल तर. समोरच्याला लागू नये म्हणून. जितकं अवघड तितके जास्त."

"इथे कुणाला लिहिलेस कधी तीन?"

झोर्याना खाली वाकली आणि दारिनाची चित्रं उगीचच सारखी करू लागली. "आठवत नाही," ती म्हणाली.

गेर्डाने आयुष्यभर कामगार हाताळले होते. न आठवणारं माणूस आधी वर बघतं. ही खाली बघत होती.

४

सुने बॉयलरच्या खोलीत होता. झोर्यानावर त्याचा राग जुनाच, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

"ती बाई सारखी दात काढते, मुम्मो. मी लिहितो, उद्या बॉयलरची चिमणी साफ करायची, तिने सहाला यावं. उत्तर काय, तर 'बरं' आणि वर ती माशीची घाण. चिमणीत हसण्यासारखं काय आहे?"

"तू कधी हसलास शेवटचं?"

"सत्त्याण्णव साली. घोड्याने पाद्र्याची टोपी खाल्ली तेव्हा."

"तुझा फोन दे."

सुनेच्या फोनवर झोर्यानाचे सत्तरेक निरोप होते. सगळ्यांवर एकेकच कंस. दोन किंवा तीन एकदाही नव्हते. आणि सुनेने स्वतः जन्मात एकही चेहरा काढला नव्हता. त्याची वाक्यं पूर्णविरामानेसुद्धा संपत नव्हती, नुसती तुटायची.

"तुला तिला काढून टाकायचं असतं तर तू काय केलं असतंस?" गेर्डाने सरळ विचारलं.

सुनेचा चेहरा लालबुंद झाला. "मी? मुम्मो, मी तिच्या तोंडावर सांगितलं असतं, चालती हो. पण मी रोपं मारीन? त्या पंपाला मी एकोणीस वर्षं तेल घालतोय!"

त्याचे डोळे भरून आले. ते बघून गेर्डाला त्याच्यावरही राग आला. कारण आता तो संशयाच्या यादीतून गेला, आणि यादी छोटी होत चालली होती.

राहिला लाम. पंचेचाळीस वर्षांपूर्वी व्हिएतनामहून एका होडीतून निघालेल्या माणसांतला एक, तेव्हा पोरगा होता. आता कामगारांचा मुकादम. तो पॅकिंगच्या टेबलाशी रिकाम्या खोक्यांच्या चळती लावत होता. गेर्डाला बघताच तो म्हणाला, "दोन दिवस मी तुमची वाट बघतोय, मुम्मो."

"तुला पाय नाहीत?"

"आहेत. भीती पण आहे."

५

"पाळी बदलली होती, हे खरं," लाम म्हणाला. "सातला फोन घ्यायला गेलो. खुंटी रिकामी. मला वाटलं, झोर्यानाच घेऊन गेली शेवटी, यादीत नाव तिचं म्हणून. विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"आणि हे राल्फला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी मला विचारलं नाही. आणि मला वाटलं, ते माझ्यावर आधीच रागावलेत."

"राल्फ? तुझ्यावर? तो तर तुझ्याशिवाय पान हलवत नाही."

लामने फोन काढला. राल्फचे दहा वर्षांचे निरोप होते आणि प्रत्येकाच्या शेवटी डोळ्यांची दोन टिंबं आणि एक तोंड. "खोके मोजलेस का :)" "उद्या लवकर ये :)"

"अरे, हे हसरं तोंड आहे!"

"तुमच्याकडे," लाम म्हणाला. "आमच्याकडे डोळे उघडे आणि एकच तोंड म्हणजे दात-ओठ खाऊन हसणं. म्हणजे 'कळलं हं मला तू काय आहेस ते.' खरं हसायचं तर आम्ही दोन तोंडं काढतो. दहा वर्षं मी रोज घरी जाऊन बायकोला सांगतोय, मालक आज पण टोमणा मारून गेले."

दुसऱ्या कुठल्या दिवशी गेर्डा पोट धरून हसली असती. आज तिला वाटलं, ही दहा वर्षं कुणी कुणाला तोंड उघडून विचारलं असतं, तर बरंच काही वाचलं असतं.

"आता सकाळचं सांग. बुधवारी तू कधी आलास?"

"सहाला. फोन खुंटीवर, चार्जरला लावलेला. पण मुम्मो, एक गोष्ट मला खाते आहे." लामने आवाज खाली आणला. "बॅटरी अकरा टक्के होती."

"मग?"

"रात्रभर चार्जरवर असलेल्या फोनला अकरा टक्के? तो रात्रभर तिथे नव्हता. कुणीतरी मी यायच्या जरा आधीच परत लावला. आणि झोर्याना त्या दिवशी आठला आली, दारिनाला शेजारणीकडे सोडून. आम्ही सगळ्यांनी तिला दारातून येताना पाहिलं."

गेर्डा टेकली होती त्या खोक्यावरून उठली. तिचे गुडघे वाजले. सहाच्या आधी.

बुधवारी ती पाचलाच उठली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने साडेपाचला कॉफीच्या खोलीचा दिवा लागलेला पाहिला होता. राल्फ रोज सगळ्यांच्या आधी येतो आणि आधी कॉफी टाकतो, वर्षानुवर्षं. म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. पण त्या दिवशी भांडं थंडगार होतं. आणि राल्फ म्हणाला होता, मी थेट दोन नंबरात आलो.

दिवा लागला होता आणि कॉफी टाकलेली नव्हती.



६

"आता आठव," ती झोर्यानाच्या दारात उभी राहून म्हणाली. या वेळी तिने दार बडवलं नव्हतं. "तीन कंस कुणाला लिहिले होतेस?"

"मुम्मो, नको."

"का नको?"

"कारण तुम्ही त्यांची आई आहात."

यानंतर विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी गेर्डाने हात पुढे केला, आणि बऱ्याच वेळाने झोर्यानाने फोन त्या हातावर ठेवला.

जानेवारीतला निरोप होता, वाफेच्या अंघोळीचं आमंत्रण.

"शनिवारी सौना तापवतोय. येतेस का, दोघंच :)"

"आभार, राल्फ, पण मला नाही जमणार )))"

मग दहा मिनिटांनी: "यात हसण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही, खरंच काहीच नाही ))))"

त्याखाली त्याच्याकडून पुन्हा काहीही नव्हतं.

"मला वाटलं, चार लावले तर त्यांना वाईट वाटणार नाही," झोर्याना म्हणाली. "आमच्याकडे एखाद्या पुरुषाला नुसतं 'नाही' लिहिलं, कोरडं, तर ते थोबाडीत मारल्यासारखं असतं. म्हणून मऊ केलं. नंतर त्यांनी मला सलग तीन शनिवार पाळी लावली. तेव्हा कळलं काहीतरी चुकलं. पण काय चुकलं ते कळलं नाही."

"तू मला का नाही सांगितलंस, मूर्ख मुली?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही सही न वाचता केलीत."

गेर्डाने फोन परत दिला. जिन्यावरून उतरताना तिने कठडा धरला नाही. राग आला की तिला कठडा लागायचा नाही.

७

शुक्रवारी दहाला, कॉफीच्या सुट्टीत, तिने सगळ्यांना बसवलं. सुने, लाम, राल्फ. झोर्यानाला तिने स्वतः हाताला धरून आणलं होतं आणि दाराजवळच्या खुर्चीत बसवलं होतं.

"ही इथे कशाला?" राल्फ म्हणाला. "तक्रारीवर सही करायची आहे, आई. पोलीस बाराला..."

"बस."

तो बसला. सेहेचाळीस वर्षांचा झाला तरी त्या आवाजाला तो बसायचाच.

"फोन टेबलावर ठेवा," गेर्डा म्हणाली. "तुमचे सगळ्यांचे. हा माझा. झोर्यानाने मला तीन वर्षांत जे लिहिलं त्यात एकेक कंस आहे. सुनेला एकेक. लामला एकेक. आणि अलार्मच्या अकरा निरोपांत एकही नाही, कारण तिच्या लोकांत वाईट बातमीवर हसत नाहीत. मग हे अलार्मवरचे तीन कुणाचे? तिचे नाहीत. ज्याला तिच्यासारखं लिहायचं होतं त्याचे आहेत. आणि त्याला वाटलं की ती तीन काढते, कारण तिच्याकडून तीन फक्त त्यालाच आले होते. राल्फ, तुझा फोन?"

राल्फचा हात खिशावर होता. तो हलला नाही.

"ड्यूटीचा फोन रात्रभर खुंटीवर नव्हता," ती पुढे म्हणाली. "लामला तो सहाला मिळाला, अकरा टक्क्यांचा. त्याआधी या खोलीत एकच माणूस आला होता. साडेपाचला इथे दिवा लागला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. रोज तो माणूस आधी कॉफी टाकतो. त्या दिवशी त्याने नुसता फोन लावला आणि दोन नंबराकडे पळाला."

"आई, हा मूर्खपणा आहे. तीन कंसांवरून तू..."

"फोन ठेव."

"मी का ठेवू? ती माझ्यावर हसली!" राल्फ ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "मी साधं विचारलं होतं, माणूस म्हणून, आणि ती हसली! विचारलं का हसतेस, तर चारदा हसली!"

सुने तोंड उघडं टाकून बघत होता. राल्फला आपण काय बोललो ते दोन क्षणांनी कळलं, आणि त्याचा चेहरा ओघळला.

"मला कुणाचं काही मारायचं नव्हतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आलो, तर फोन खुंटीवर आणि पाळी हिची. मला वाटलं, विसरून गेली. मी खिशात टाकला. सकाळी विचारणार होतो, कुठाय फोन, म्हणून. पावणेतीनला वाजला. आठवडाभर तो खोटाच वाजत होता, सुनेलाही माहीत आहे. मला वाटलं, आजही खोटाच. म्हणून मग... तिच्यासारखं लिहिलं. न जाता 'बघितलं' लिहिलं म्हणून सकाळी तिला घालवता आलं असतं. रोपं मरतील असं कुणाच्या स्वप्नात होतं?"

"दोनशे पावलं," गेर्डा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच भयंकर वाटला. "तुझ्या बिछान्यापासून पंपापर्यंत दोनशे पावलं आहेत. तू ती चालला नाहीस, कारण एका बाईने तुला नाही म्हटलं. आणि तिने तर तुला लागू नये म्हणून मऊ करून म्हटलं होतं, गाढवा! त्या कंसांचा अर्थ तिला विचारायला तुझी जीभ झडली होती?"

"आई, मी तुझा मुलगा आहे. आणि हे बाहेर गेलं तर विमावाले काही देणार नाहीत. दोन नंबर जाईल. कदाचित सगळंच जाईल."

"मग जाईल. काच मी एकदा लावली आहे." तिने तक्रारीचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "बाराला पोलीस येतील तेव्हा तू स्वतः सांगायचंस. विमावाल्यांना मी फोन करते. आणि किल्ल्या इथे ठेव. माणसांवर हुकूम चालवायचं तुझं काम आजपासून बंद. झोर्यानाला काढल्याचा कागद मी चुलीत घातलाय."

राल्फने किल्ल्या ठेवल्या. बाहेर जाताना तो झोर्यानाजवळ जरा थांबला आणि तसाच निघून गेला. त्याच्यामागून सुने आणि लामही निघाले. सुने दारात अडखळला, झोर्यानाकडे न बघता म्हणाला, "मीपण तुला बरंच बोललोय," आणि उत्तराची वाट न बघता सटकला.

खोलीत दोघीच राहिल्या.

"झालं," गेर्डा म्हणाली. "खोली तुझी. काम तुझं. दारिनाची शाळा तुटणार नाही."

तिला वाटलं, आता ही आभार मानेल. तीन वर्षं ही बाई प्रत्येक गोष्टीवर आभार मानत आली होती.

झोर्याना बसूनच राहिली. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "मुम्मो," ती म्हणाली, "सगळ्यांनी पाहिलं, नऊ हजार रोपांसाठी तुमचे हात थरथरले. माझ्यासाठी? सही करताना ते थरथरले नाहीत. तीन वर्षं मी तुमच्या काचेखाली राबले. तुम्ही एकदा, फक्त एकदा म्हणाला असतात, थांब राल्फ, मी तिला विचारते. दोन दिवस मी माझ्या मुलीची चित्रं भिंतीवरून काढत होते. ती विचारत होती, आपण परत पळतोय का? आणि तुम्ही माझ्या दारात आलात ते कशाला? शिव्या द्यायला."

गेर्डाचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं असतं तर ते दुसऱ्या दिवशी कामावर राहिलं नसतं. जिभेवर तीन तिखट उत्तरं तयार होती. तिने तिन्ही गिळली.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी चुकले. माफी मागते."

"मी परत येईन. दारिनासाठी. तुमच्यासाठी नाही. आणि मला राग आलाय, मुम्मो. खूप राग आलाय."

"दिसतोय." गेर्डाने राल्फची पडलेली खुर्ची उचलली, झोर्यानाच्या समोर ठेवली आणि तिच्यात बसली. "अजून आहे?"

"आहे."

"मग मऊ करू नकोस. सगळा सांग."

आणि झोर्याना बोलायला लागली.